आत्याने शिवलेली पानं

तमाम वाचकांनी कृपया उभे राहून ऐकावे. इतिहास संशोधकांच्या हाती आजवर न लागलेली एक गोष्ट मी जाहीर करतो आहे. समुद्रपूर तालुक्यातल्या एका शेतघरात सलग पाच वर्षं लढाया झाल्या, तोफा धडाडल्या, बुरूज ढासळले, आणि त्यांत एकही माणूस मेला नाही. बसा आता.

हा पराक्रम आमच्या आत्याचा. बाबा तरुणपणी वर्ध्याला खादीवाल्यांत राहून आले, ते एक चरखा आणि एक मत घेऊन. शाळेत पोरांचे कारकून होतात, हे ते मत. चरखा माळ्यावर गेला, मत मात्र आमच्यावर चाललं. मी आणि धाकटी बहीण शालू घरीच शिकायचो. आई-बाबा दिवसभर कपाशीत. जाम गावच्या रस्त्यापासून दोन कोस आत, आजूबाजूला दुसरं घर नाही. मास्तर, घंटा, पट्टी, सगळं आत्याच.

आत्या बाबांची मोठी बहीण, ते तिला बाई म्हणायचे. तिचे यजमान नागपूरला गिरणीत काम बघून येतो म्हणून गेले, ते आलेच नाहीत. पत्र नाही, निरोप नाही. आत्या माहेरी आली आणि कुंकू लावत राहिली. शेतात निंदणीला आलेली एखादी मजूरीण खोचकपणे विचारायची, "काऊन वं, अजून वाट पाहूनच राह्यली का?" आत्या म्हणायची, "गेले हे मले मालूम हाय. मेले असं कोणी सांगतलं मले?"

घरात चार जाडजूड ऐतिहासिक कादंबऱ्या होत्या. दुपारची भांडी झाली की वाचन. आत्या तोफेचा आवाज असा काढायची की गोठ्यातली गाय दावं ओढायची. पण पुस्तक आधी ती एकटी वाचून घ्यायची, आणि ज्या पानांवर कोणी मरे, ती पानं गोधडीच्या सुईने, लाल दोऱ्याने, कडेकडेने शिवून टाकायची. विचारलं तर म्हणायची, "ते मोठ्या माणसाइचे पानं हायेत."

शिवण आली की ती नजर दाराकडे वळवायची आणि तोंडानेच पुढे सांगायची, "अन् मंग सेनापती घरी आले. पाय धुतले. जेवाले बसले." जेवणात काय? त्या दिवशी आमच्या चुलीवर जे असेल ते. एका शूर किल्लेदाराला सलग चार दिवस अंबाडीची भाजी खाताना मी स्वतः ऐकलं आहे.

"पोटभर जेवले?" शालू विचारायची.

"दोन भाकरी जास्त."

मी अकरा वर्षांचा झालो आणि आत्याचं गणित अपूर्णांकांपाशी संपलं. बाबांचं मत नरमलं. वर्ध्याच्या एका शाळेत दोघांनाही घालायचं, शेजारच्या बोरगाव मेघेला मावशीकडे ठेवायचं, असं ठरलं. हेडमास्तरांनी माझी तोंडी परीक्षा घेतली. नेमकं आमच्या सर्वांत जाड पुस्तकातल्या सेनापतीबद्दलच विचारलं.

"त्या शेवटच्या लढाईत त्यांचं काय झालं?"

मी छाती फुगवून म्हणालो, "घरी आले सर. पाय धुतले. वांग्याचं भरीत खाल्लं."

हेडमास्तर बराच वेळ हसले. मग बाबांना म्हणाले, "पोरगा हुशार आहे, पण याच्या इतिहासात कोणी मरतच नाही. आठ दिवसांनी पुन्हा आणा. नाही जमलं, तर यंदा घरीच राहू द्या."

घरी आल्यावर बाबा कडाडले, "बाई, काय शिकवलं तू याईले?" पानांची शिवण राहिली असती तर मी नापास झालो असतो आणि आम्हीही घरीच राहिलो असतो. हे मला कळत होतं, म्हणजे आत्याला नक्कीच कळत होतं. मी तर मनातल्या मनात पुन्हा नापास व्हायची तयारी केली होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिने बाबांच्या दाढीचं पातं आणलं. एकेक टाका कापला. लाल दोऱ्याचे तुकडे तिच्या मांडीवर पडत राहिले. मग तिने वाचलं, सरळ, आवाज न चढवता. नजर पानावरून एकदाही उचलली नाही. सेनापती पडले. कोणी पाय धुतले नाहीत. शालू दाराकडेच बघत होती.

पुस्तक मिटून आत्या मला म्हणाली, "आता बरोबर सांगजो. मेले म्हणून सांगजो."

मी सांगितलं. पास झालो.

जामला एसटीच्या खिडकीशी ती म्हणाली, "सुट्टीत येजा. तोवर पुढचं वाचत नाई मी." आणि खरंच, दर सुट्टीत खूण जिथे ठेवली तिथेच असायची. मग सुट्ट्यांत शिकवण्या आल्या, मित्र आले, आमचं जाणं कमी झालं. आई सांगायची, दुपारी ती मागचीच पानं मोठ्याने वाचते. मध्येच थांबून, बारीक आवाज काढून "पोटभर जेवले?" असं स्वतःच विचारते, आणि उत्तरही देते.

मी कॉलेजात होतो तेव्हा मावशीकडे बाबांचं अंतर्देशीय पत्र आलं. शालू समोरच बसली होती. आमच्यात कुठलाही कागद मोठ्यानेच वाचायची सवय. मी घसा खाकरून, हात नाचवत सुरुवात केली. कपाशी बरी आहे. गाय व्याली. आणि पुढच्या ओळीत, बाई गेली.

मी थांबलो. नजर दाराकडे वळवली. आत्या घरी आली, पाय धुतले, असं काहीतरी म्हणायचं होतं.

शालूने माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि एकदम म्हणाली, "दादा, ते शिवून टाक नं!"