शाकारलेली फटफटी

बुधाजी तांडेल गाडीला किक मारण्याआधी पायातल्या वहाणा काढून हँडलला अडकवायचा. होडीत चढताना कोणी वहाणा घालत नाही, म्हणून गाडीवरही नाही. किक उलटी फिरून पोटरीवर बसली की "मेलंय रे देवा" म्हणून तो खाली बसे, पोटरी चोळे आणि पुन्हा अनवाणीच उभा राही. त्याची उजवी पोटरी बारमाही काळीनिळी असायची. मी एकदा म्हटलं, "बुधाजीभाऊ, निदान गाडीवर तरी बूट घालत जा." त्यावर त्याने माझ्याकडे असं बघितलं, जणू मी देवळात बूट घालून शिरायला सांगत होते.

मी तेव्हा त्या गावच्या शाळेत नवी मास्तरीण होते आणि त्याच्या शेजारच्या घरात भाड्याने राहत होते. गाव मालवणच्या उत्तरेला. एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला खाडी, आणि मधल्या माडांतून गेलेला लाल मातीचा एकच रस्ता. त्या रस्त्यावर सायकलसुद्धा कौतुकाची, तिथे बुधाजीने फटफटी आणली. गोवा मोकळा झाल्यावर तिकडचा कोणी बोटीवरचा माणूस आपली जुनी गाडी काढून टाकत होता, ती याने घेतली. बांद्याहून मी स्वतः चालवत आणली, असं तो सांगायचा. चालवत आणली ती कसालपर्यंत. तिथून पुढे ढकलत आणली, हे सांगायला त्याची बायको होती. गाडी होती बोकडाएवढी, पण आवाज रेड्याचा.

बुधाजीच्या घराण्यात आज्यापणज्यापासून होडी. होडीखेरीज दुसरं वाहन त्याने जन्मात सांभाळलं नव्हतं, आणि शिकून घ्यायचं तर कोणाला तरी विचारावं लागतं. ते त्याच्या स्वभावात नव्हतं. त्याचं वेदवाक्य ठरलेलं होतं: "होडयेक जा लागता, ताच गाडयेक लागता." मी पेट्रोलचं काही बोलायला गेले, तरी तो हेच ऐकवायचा.

आता खारा वारा लोखंड खातो, हे खरंच आहे. आमच्याकडे भिंतीत खिळा ठोकला तर पुढच्या वर्षी त्याची मान गळून पडते. पण त्यावर याने काढलेला उपाय बघा. होडीच्या लाकडाला माशाचं तेल चोपडतात, ते याने गाडीला चोपडलं. टाकीला, चाकाच्या तारांना, सीटला, साखळीला, सगळीकडे. दर शनिवारी अंघोळीआधी अर्धा तास तो गाडीचं मालीश करायचा. स्वतःच्या अंगाला कधी इतकं तेल लावलं नसेल. बुधाजी येतोय हे कानाआधी नाकाला कळायचं. मालवणच्या बाजारात गाडी लावली की गावची मांजरं येऊन सीट चाटत बसायची, आणि हा म्हणायचा, "वास येता म्हणजे तेल काम करता, बाईनू."

तेल काम करत होतंच. रस्त्याची लाल धूळ त्या तेलात कालवली जाऊन साखळीवर दाट सारण बसलं होतं. एकदा गाडी अडली म्हणून तो ती कसालच्या मिस्त्रीकडे घेऊन गेला. मिस्त्रीने एका हाताने नाकाला रुमाल लावला, दुसऱ्या हाताने काठीने साखळी उचलून बघितली आणि विचारलं, "तांडेलानू, ही दुरुस्त करू की तळू?" हे बुधाजीनेच मला सांगितलं, आणि मिस्त्री कसा अडाणी, हे दाखवायला सांगितलं.

मग पावसाळा यायचा. पावसाळ्यात आमच्याकडे होड्या किनाऱ्यावर ओढून घेतात आणि वर माडाच्या झावळ्यांचे झाप घालून शाकारतात. नारळी पुनवेला समुद्राला नारळ दिला की मग होडी पाण्यात. बुधाजीने गाडीही शाकारायची ठरवली. चाकं काढून आढ्याला टांगायची. साखळी रॉकेलच्या डब्यात. प्लग काचकागदाने घासून देव्हाऱ्यात, अन्नपूर्णेच्या शेजारी. उरलेला सांगाडा माडाच्या दोन ओंडक्यांवर ठेवून वर झाप. टपालवाला त्याच पावसात, त्याच रस्त्याने रोज सायकल मारत यायचा आणि बुधाजीच्या दारात क्षणभर थांबून त्या झापांकडे बघून जायचा.

पुनवेच्या दिवशी गाडी जोडून, हार घालून, किनाऱ्यापर्यंत ढकलत नेली जाई. बुधाजी समुद्राकडे तोंड करून नारळ हातात धरी, मागे होडीवरचे गडी उभे राहत, आणि गाऱ्हाणं सुरू होई. "बा दर्यादेवा म्हाराजा, ह्या तुझा लेकरू तुका नारळ देता हा. ह्या गाडयेच्या वाटेत खंय खळगो असात, तो बुजव म्हाराजा." गडी म्हणत, "व्हय म्हाराजा." "कोणी वायट नजर घातल्यान असात, तर तेच्याच सायकलीचो वारो काढ म्हाराजा." "व्हय म्हाराजा." गाडी चालणार रस्त्यावर आणि नारळ समुद्राला. पण गड्यांना नंतर खोबरं मिळायचं, त्यामुळे कोणी शंका काढली नाही.

हे सगळं हसून सोडून देण्यासारखं होतं. एक गोष्ट मात्र मला हसून सोडता येत नसे. तांडेलांच्या होडीत बाईमाणसाने पाय ठेवायचा नाही अशी त्यांच्या घरची रीत, म्हणून गाडीवरही बाईमाणसाने बसायचं नाही. त्याची बायको द्वारका, माझी द्वारकावहिनी, रोज माशांची पाटी डोक्यावर घेऊन बाजारात चालत जायची. हाही बाजारातच जायचा. मागची सीट रिकामी घेऊन फटफट करत तिच्या शेजारून निघून जायचा आणि तिला धुळीत न्हाऊ घालायचा. ती पदराने पाटी झाकायची, तोंड नाही.

वहिनीला दागिना नको होता, लुगडं नको होतं. तिचं माहेर खाडीपलीकडे, सड्यावरच्या, म्हणजे कातळपठारावरच्या गावात. तिथे म्हातारी आई होती, तिला आता दूरचं चालवत नव्हतं. "आवस म्हणता, जावयान गाडी घेतल्यान, तू तिच्यावर बसान ये एकदा, माका बघूचा आसा," असं वहिनीने मला सांगितलं होतं. एकदाच, त्या गाडीवर बसून आईच्या अंगणात उतरायचं, एवढीच तिची हौस. तिने नवऱ्याला तसं म्हटलंही होतं. बुधाजी म्हणाला, "होडयेत बायलमाणसान बसाचा नसता." विषय मिटला. त्याच्यापुरता.

आषाढातल्या एका रविवारी सकाळी तिचा चुलतभाऊ इरलं घेऊन, चिखलाने गुडघ्यापर्यंत माखून दारात आला. खाडीला पूर, त्यामुळे तर, म्हणजे माणसं पलीकडे नेणारी होडी, बंद. तो सड्याच्या लांबच्या वळशाने चालत आला होता. "द्वारके," तो म्हणाला, "आवशीन अन्नपाणी सोडल्यान. तुझाच नाव घेता. बेगीन चल." आमच्या गावची एस.टी. पावसात बंदच असायची. चालत जायचं तर दुपार उलटणार. गाडीने तासाभराचं काम.

वहिनीने चुलीवरचं भांडं उतरवलं, बाहेर आली आणि नवऱ्याला म्हणाली, "गाडी काढा."

बुधाजी झापांकडे बघत राहिला. "शाकारलेली आसा ती, द्वारके."

"मगे उघडा."

"पुनव व्हयसर होडी उतरवची नसता. दर्यो..."

"ती होडी नाय," वहिनी म्हणाली. "तिका चाका आसत."

इतक्या वर्षांत त्या घरात हे वाक्य कोणी उच्चारलं नव्हतं. बुधाजी गोंधळला. मग म्हणाला, "मी देवाक इचारून येतंय. कौल लावतंय." मला राहवलं नाही. म्हटलं, "बुधाजीभाऊ, तिकडे म्हातारी वाट बघतेय आणि तुम्ही देवाला काय विचारताय?" तो काकुळतीला येऊन म्हणाला, "बाईनू, इचारल्याशिवाय काढलंय आणि वाटेत कायतरी झाला, तर?" भीती खरी होती, हे मान्य करते. पण घाबरून माणूस जे करतो त्याचा भार बहुधा दुसऱ्यानेच वाहायचा असतो. तो देवळाकडे पळाला. वहिनीने कासोटा घट्ट केला, भावाचं इरलं अर्धं डोक्यावर घेतलं आणि त्याच्याबरोबर चालायला लागली. मागे वळून बघितलं नाही.

देवळात गुरवाने देवाला पाकळ्या लावल्या आणि देवाने लगेच उजवा कौल दिला. म्हणजे जा. देव बुधाजीपेक्षा शहाणा निघाला. हा धावत घरी आला तर घर रिकामं. मग त्याने झाप भिरकावले, आढ्यावरून चाकं उतरवली, देव्हाऱ्यातून प्लग काढला. मी वर छत्री धरून उभी होते आणि तोंडाला येईल ते बोलत होते. सगळं जोडून झालं तरी गाडी उठेना. माशाचं तेल आत कुठेकुठे झिरपून डिंकासारखं थिजलं होतं. तो खरवडायचा, पुसायचा, किक मारायचा. पोटरीतून रक्त यायला लागलं. त्या दिवशी त्याने "मेलंय रे देवा" म्हटलं नाही. दिवस कलायला लागला तेव्हा गाडी एकदाची धडधडली, आणि तो तसाच अनवाणी निघाला.

आई दुपारीच गेली होती. वहिनी पोचली तेव्हा म्हातारीला अंगणात घेतलं होतं. हा पोचला तेव्हा माणसं स्मशानातून परतून ओसरीवर बसली होती, आणि त्या अंगणात ही गाडी फटफटत शिरली. बंद कर म्हणून कोणाला तरी ओरडावं लागलं. वहिनीने मान वर केली नाही.

बारावं झाल्यावर तो तिला आणायला गेला. या वेळी गाडी साबणाने धुतलेली, सीटवर घडी घातलेली नवी चादर. माहेरची सगळी माणसं बघत असताना त्याने सीटवर हात मारला आणि म्हणाला, "बस गो." म्हणजे रीत मोडायला तयार झाला होता, बिचारा. वहिनी शांतपणे म्हणाली, "होडयेत बायलमाणसान बसाचा नसता," आणि चालायला लागली. हा गाडी घेऊन मागे. तो सड्याचा सगळा वळसा ती पुढे आणि हा पहिल्या गिअरमध्ये मागे, असे दोघे घरी आले.

तेव्हापासून तेच सुरू झालं. वहिनी पाटी घेऊन बाजाराला निघाली की हा मागून गाडी काढायचा. आता शेजारून भुर्रकन जाणं नाही. तिच्या पावलाच्या बेताने, क्लच अर्धा दाबून, पाय जमिनीला घासत. गाडी रडायची, तापायची. पोरं हसायची, बायका तोंडाला पदर लावायच्या. गाडी शाकारणं त्याने सोडून दिलं. भर आषाढातही ती दाराशी तयार उभी असायची. माणूस गेल्यावर ही तयारी. खाऱ्या वाऱ्याने तिचा मडगार्ड खाल्ला, टाकीचा रंग खाल्ला, आणि क्लचच्या प्लेटी तर सारख्या जळायच्या. कसालचा मिस्त्री म्हणाला, "तांडेलानू, गाडी चालवतास की तिका चालूक शिकवतास?" बुधाजीने या खेपेला मिस्त्रीला अडाणी म्हटलं नाही.

मी त्याला एकदा विचारलं, "असं किती दिवस करणार?" तो म्हणाला, "खंयच्या तरी दिवशी दमतली ती, बाईनू. त्या दिवशी गाडी हाताशी व्हयी."

वहिनी काही दमली नाही. पुढे माझी बदली झाली. दोघं मला फाट्यावर एस.टी.पर्यंत सोडायला आले. माझी ट्रंक मागच्या सीटवर बांधली होती आणि मी वहिनीबरोबर चालत होते. ती चालत असताना मी त्या गाडीवर कशी बसणार? वाटेत मी तिला म्हटलं, "वहिनी, पुरे झालं आता. बस ना एकदा. तोही पस्तावलाय."

"माका कळता ता," ती म्हणाली. "पण मी बसलंय की तेका वाटतला, फिटला सगळा. माज्या आवशीचा तसा फिटूचा नाय, बाईनू."

मागे गाडीचा आवाज चालूच होता, त्याला यातलं काही ऐकू गेलं नसणार. फाट्यावर ट्रंक टपावर चढवून तो घाम पुसत उभा राहिला. वहिनी परत निघालीही होती. मला त्याचा राग आला होता आणि दयाही येत होती. राग जास्त. मी म्हटलं, "बुधाजीभाऊ, उद्यापासून ही गाडी घरी ठेवा आणि तिच्या बरोबरीने चाला."

तो माझ्याकडे बघतच राहिला. इतकी सोपी गोष्ट त्याला खरोखरच समजली नव्हती.

"मगे गाडी कशाक घेतलंय, बाईनू?" तो म्हणाला. एस.टी. सुटली. वहिनी वळणापर्यंत पोचली होती, आणि त्याने घाईघाईने वहाणा काढून किक मारायला पाय उचलला.