ताईच्या हातातला पाव फेरा

लोखंडाला घाई कळत नाही, असं मिस्त्री म्हणतो, आणि लोखंडाखेरीज दुसऱ्या कुणाचं ऐकायची त्याला सवय नाही. त्याच्या पत्र्याच्या शेडमध्ये भिंतीशी तीन डबे आहेत. एकावर खडूने लिहिलंय ‘कामाचे’, दुसऱ्यावर ‘बिनकामाचे’, आणि तिसऱ्यावर ‘सांगता येत नाही’. तिसरा सगळ्यात मोठा. गंजलेला नट समोर आला की मिस्त्री आधी त्याला अंगठ्याने कुरवाळतो, तेलाचे दोन थेंब सोडतो आणि चहा प्यायला निघून जातो. परत येतो तेव्हा नट थोडा नरमलेला असतो आणि गिऱ्हाईक पुरतं तापलेलं. पण साठी उलटेपर्यंत त्याने कुणाच्या गाडीचा नट छिन्नीने तोडला, असं छातीवर हात ठेवून कुणी सांगू शकणार नाही.

अशा माणसाला पळवू शकेल असं जगात एकच माणूस होतं. त्याची थोरली बहीण.

ताई शिवणकाम करते, तेही चाकांवर. तिची घरगाडी मिस्त्रीपेक्षा जेमतेम दहा वर्षांनी लहान. आत एक पलंग, एक शेगडी, खिडकीशी शिलाई मशीन, आणि दोरीवर लोकांचे अर्धे झालेले कपडे. नवरा गेल्यावर राहतं घर दिराच्या स्वाधीन करून ती या गाडीत आली, त्याला एकोणतीस वर्षं झाली. गाव बदलतं, गिऱ्हाईक बदलतं, दारापुढचं झाड बदलतं. उंबरठा मात्र तोच, पत्र्याच्या तीन पायऱ्यांचा.

गाडी चालवायची तिची रीतही वेगळीच. हातातलं चाक ती सारखी डावीउजवीकडे घोळवत बसायची, जणू मांडीवरचं मूल निजवतेय. वळण यायच्या खूप आधी चाक फिरवायला घ्यायची. शेजारी बसलेला माणूस आपोआप अंगाने वळणाकडे कलायचा, कारण तेवढी मदत केल्याशिवाय गाडी ऐकेल असं वाटायचंच नाही. मिस्त्री तर एकोणतीस वर्षं कलत आला होता.

यंदा आरटीओच्या तपासणीत तिथल्या साहेबांनी स्टिअरिंगचं चाक धरून फिरवलं. पाव फेरा झाला तरी खालची चाकं जागची हलली नाहीत. साहेबांनी खिडकीतून डोकं काढून खाली पाहिलं.

“बाई, हे शोभेला लावलंय का?”

“पाव फेरा मोकळाच जातो त्याचा. पुढे लागतं की. तुम्ही थांबलाच नाहीत.”

साहेबांनी एक महिना दिला. महिन्याने ते चाकही हलवून बघणार होते आणि ताईने गाडी चालवलेलीही बघणार होते. दोन्हीत पास झाली नाही, तर गाडी रस्त्यावरून कायमची उतरणार. गाडी म्हणजे ताईचं घर. मिस्त्री तिला म्हणाला, “ताई, माझ्याकडे राहा.”

“तुझ्या घराला चाकं आहेत का? नाहीत ना? मग आपलं भांडण झालं की मी जायचं कुठे?”

मिस्त्री जॅक आणायला उठला. त्याने गाडी पुढून उचलून ठोकळ्यांवर घेतली आणि खाली शिरला. ताई वरच राहिली. सव्वीस दिवस ती चढावर स्वयंपाक करत होती आणि उतारावर झोपत होती. दर तासाला वरून पाय आपटायची.

“धाकल्या, झालं का?”

“होईल.”

“कधी?”

“झालं की.”

पुढच्या दांड्यांचे सांधे खिळखिळे झाले होते. चाकं ज्यांवर वळतात त्या खुंट्यांभोवतीची बुशं, म्हणजे धातूची कडी, झिजून लंबगोल झाली होती. मिस्त्रीने पितळेची नवी बुशं कातून आणली आणि हाताने घासत घासत अशी बसवली की खुंटी आत जाताना नुसता सुस्कारा सोडायची. मग स्टिअरिंगचा बॉक्स उघडला. आतला आटे पाडलेला जाड दांडा रॉकेलने धुऊन उजेडात धरला आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवून फिरवून पाहिला. दांडा फक्त मधोमध झिजला होता. दोन्ही टोकांचे आटे नव्यासारखे करकरीत.

“काय बघतोस एवढं?” ताईने वरून विचारलं.

“तू सरळच जास्त गेलीस आयुष्यात.”

“मग? वाकडं जायला पाहिजे होतं?”

मधली झीज धरून बॉक्स नुसता आवळला असता, तर सरळ रस्त्यावर ठीक आणि वळणावर चाक अडकून बसलं असतं. म्हणजे दांडाच नवा हवा. तसा दांडा आता कोण बनवतंय? दोन दिवस मिस्त्रीने तिसरा डबा उपसला. दुसऱ्या दिवशी दुपारी शेडमधून आरोळी आली, “सांगता आलं!” कधीकाळी भंगारातून उचललेला, ग्रीसच्या फडक्यात गुंडाळलेला तसलाच दांडा त्याच्या हातात होता.

सव्विसाव्या दिवशी गाडी जमिनीवर आली. आता स्टिअरिंग बोटभर हललं की चाकं हलत. मिस्त्री शेजारी बसला. ताईने गाडी सुरू केली आणि सवयीने चाक घोळवलं. गाडीने आधी कोंबड्यांचं खुराडं गाठायला घेतलं, मग पाण्याचा हौद, मग पुन्हा खुराडं. शेवटी वाळत घातलेली चादर अंगावर घेऊन ती थांबली.

“काय करून ठेवलंस हे! शहाणी होती माझी गाडी!”

“गाडी आत्ताच शहाणी झालीय. तुझ्या हातात पाव फेरा राहिलाय.”

“मग होतं तसं ढिलं करून दे.”

मिस्त्रीने चादर काढली, झटकली, घडी केली. “चाळीस वर्षं लोकांनी मला उशिरासाठी शिव्या दिल्या. नीट केलं म्हणून देणारी तू पहिली.”

चार दिवस उरले होते. मोकळ्या मैदानात त्याने तेलाचे सहा डबे दोन रांगांत मांडले. ताईने पहिल्या दिवशी सहाही आडवे केले, दुसऱ्या दिवशी पाच, तिसऱ्या दिवशी पुन्हा सहा.

“कमी फिरव!”

“कमीच फिरवतेय! तू ओरडायचं कमी कर!”

ती चिडून मशीनवर बसली आणि एका सदऱ्याची कॉलर शिवायला घेतली. मिस्त्री पायरीवर बसून बघत होता. जिभेचं टोक दातांत, दोन बोटं कापडावर अलगद टेकलेली, आणि कॉलरचं वळण सुईखालून आपणहून सरकत होतं.

“ताई, कापड ओढत नाहीस तू?”

“खुळा आहेस का? ओढलं तर सुई मोडेल. ते आपलं आपण जातं. आपण नुसतं दाखवायचं.”

एवढं बोलली आणि तिचा पाय थांबला. दोघांनी एकदमच स्टिअरिंगच्या चाकाकडे पाहिलं.

“धाकल्या, डबे उभे कर.”

तपासणीच्या दिवशी साहेबांनी स्टिअरिंग हलवलं, चाकं हलली. त्यांनी वाकून पाहिलं, पुन्हा हलवलं, पुन्हा हलली. मग चुन्याच्या दोन रेघांकडे बोट केलं, शेवटी काटकोनातलं वळण. ताईने दोन दोन बोटं चाकावर टेकवली, जिभेचं टोक दातांत धरलं आणि गाडी रेघांमधून अशी नेली, जशी कॉलरवरून टीप. वळण आलं. तिने नुसतं दाखवलं, गाडी वळली.

त्याच क्षणी काचेवर ठण्णकन आवाज झाला. वळणाला मदत करायला शेजारी बसलेला मिस्त्री नेहमीसारखा अंगाने कलला होता, पण वळण त्याच्याआधीच येऊन गेलं होतं. कपाळावर लिंबाएवढं टेंगूळ घेऊन तो खाली उतरला.

“यांना काय झालं?” साहेबांनी शिक्का उचलता उचलता विचारलं.

“तुम्ही मारा शिक्का,” ताई म्हणाली. “तो माझा धाकटा भाऊ. गाडीची ढिलाई त्याने काढली, त्याची मी काढते.”