पट्टीवरचा ठोकळा

नामदेवभाऊंचा डावा डोळा माझ्यामुळे गेला. हे मी आजवर कोणालाच सांगितलेलं नाही... बायकोलाही नाही. महिन्यापूर्वी भाऊ झोपेतच गेल्याचा फोन आला, तेव्हा आधी तेच आठवलं.

आर्वीत भाऊंचं आणि माझं भागीतलं सुतारकामाचं दुकान. कटर मशीनवर लाकूड आडवं कापायचं म्हटलं की भाऊंचा पाठ सुरू व्हायचा. सारख्या मापासाठी लाकडाचं टोक थेट पात्याला समांतर असलेल्या बाजूच्या पट्टीला टेकवलं, तर कापलेला तुकडा पट्टी आणि फिरतं पातं यांच्यात अडकून गोळीसारखा मागे येतो. म्हणून पात्याच्या बराच अलीकडे पट्टीला ठोकळा कसायचा, माप त्याला लावायचं आणि मग लाकूड पुढे न्यायचं. तुकडा मोकळा पडतो. तरी मशीन बंद करून पातं थांबेपर्यंत त्याला हात लावायचा नाही. चाळीस तुकडे असले तर चाळीसदा थांबा! "थांबू दे बे पातं, लाकूड का पळून चाल्लं?" वीट यायचा मला.

एका दुपारी ते चहाला गेले. मी ठोकळा काढून फेकला आणि दिवाणाचे पाय सरळ पट्टीला टेकवून कापत सुटलो. सहावा की सातवा तुकडा उडाला, माझ्या अंगाशेजारून मागे गेला. मागे भाऊ उभे होते, माझ्यासाठी चहाचा ग्लास घेऊन.

दवाखान्यात त्यांनी वहिनींना सांगितलं, "मीच ठोकळा लावाले इसरलो." खरं सांगतो म्हणून मी हटून बसलो, तर मलाच दटावलं, "चूप राह्य. तुह्या हाताले कापरं भरलं त मशीन कोन चालवन?" त्यांची तेवढी एकच गोष्ट मी लगेच ऐकली.

पुढे अकरा वर्षं वहिनी पाहुण्यांसमोर त्यांना टोचायच्या, "दुनियेले शिकवते, अन् सोता ठोकळा लावत नाई. असे हे मिस्त्री!" भाऊ हसायचे, माझ्याकडे बघायचे आणि म्हणायचे, "पोहे घे अजून." मी घ्यायचो. त्या चांगुलपणाचा मला राग यायचा, अजून येतो. एकदा तरी त्यांनी मला शिवी हासडायची होती...

तेरवीला वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, तुमी तरी ठोकळा लावत जा. ह्यायच्यासारखं करू नोका."

तो ठोकळा पट्टीवरच आहे, भाऊंच्या पेन्सिलीच्या रेघेसकट. आता मी पातं थांबेपर्यंत उभा राहतो.

हे छापून येण्याआधी वहिनींसमोर बसून सांगायचं आहे, की ठोकळा मी काढला होता. तेवढं देणं आहे. अजून गेलो नाही.