भावोजी आणि वाकडी अक्षरं

सरकारला स्वतःच्या नियमांची जेवढी काळजी नसेल, तेवढी आमच्या समोरच्या खोलीतल्या भावोजींना आहे. हे आमच्या ह्यांचे मित्र, जन्मापासून अंध, सरकारी ऑफिसात टेलिफोनवर बसून निवृत्त झाले. आमचे हे वारल्यापासून परळच्या या चाळीत मी इकडे एकटी, ते तिकडे एकटे. पण तिन्हीसांजेला खोलीत दिवा लावणारच. मी म्हटलं, "भावोजी, तुम्हाला दिवा कशाला?" तर म्हणाले, "वहिनी, येणाऱ्यानं धडपडायचं का?" येणारं कोण, तर मीच.

फोन त्यांना सगळं वाचून दाखवतो, तोही असा भरधाव, की वाटावं आत दोन जावा भांडतायत. त्यावरून ते सरकारी साईटवर रोज तक्रारी टाकणार. गटार तुंबलं, रस्त्यावरचा दिवा गेला. दिवा गेलेला तुम्हाला कसा कळतो हो? "तुम्ही लोक पडता, ते ऐकू येतं ना!" पण तक्रार पाठवण्याआधी ती साईट वाकडीतिकडी अक्षरं दाखवून ओळखा म्हणायची, नि तिथं फोनची बोलती बंद. मग त्यांची काठी माझ्या दारावर. मी आमटीची वाटी घेऊन जायची, चष्मा पुसत अक्षरं वाचायची. "वहिनी, लवकर!" "अहो, अक्षरं आहेत की जिलब्या?" तेवढ्यात वेळ संपून नवी यायची. आमटी निवायची, गप्पा रंगायच्या. वाटी मात्र त्यांनी कधी रिकामी परत केली नाही. साखर, नाहीतर खारे दाणे.

पण आतून त्यांना ते लागायचं. "तक्रार माझी, नि डोळे तुमचे! सरकारी साईट अंधांनाही वापरता आलीच पाहिजे, असा नियम आहे, वहिनी." वर्षभर हा नियम त्यांनी साईट चालवणाऱ्या ऑफिसला फोनवर ऐकवला. एकदा तिथला साहेब म्हणाला, "काका, वाचून दाखवायला कोणी नाही का?" "आहे ना. पण नियमात तिचं नाव नाही."

गेल्या महिन्यात साईट सुधारली. अक्षरं आता ऐकू येतात. भावोजींनी एकट्यानं तक्रार पाठवली आणि गॅलरीभर पेढे वाटले. मीही म्हटलं, जिंकलात हो.

तेव्हापासून काठी दारावर आलेली नाही. चांगलंच झालं, कोणाचं मिंधं राहायला नको. आणि काम नसताना मी तरी कशी जाऊ? तिन्हीसांजेला समोर दिवा लागतो, फोन भरधाव बोलत असतो. माझी स्टीलची वाटी अजून त्यांच्याकडेच आहे. मी मागत नाही. वाटी रिकामी परत करायची नाही, हा आमच्या चाळीचा नियम. आणि भावोजी नियमाला पक्के.