दस्तगीरभाईंनी घोंगडीत झाकून नेलेलं पिल्लू

मेंढ्यांचं औषध न्यायला आलेल्या बिरूबापू धनगरांनी बाटली कनवटीला लावली, दारापर्यंत गेले आणि तिथूनच वळून म्हणाले, "कंपौंडर, दस्तगीर गेला. आठ दिस झालं. पुरला बी." हातातली दुसरी बाटली मी खाली ठेवली. "तुमास्नी सांगावा धाडायला पायजे हुता," ते म्हणाले, "पर त्येच्या मागं कुनाला कळवायचं असतंय, ह्ये कुनाच्या ध्यानातच आलं न्हाय."

या गोष्टीला आता महिना होऊन गेला. दस्तगीरभाईंवर चार ओळी लिहाव्यात असा माणूस मी नव्हे, पण दुसरं कोण लिहिणार?

कोल्हापुरातल्या एका सरदारांच्या पदरी शिकारी कुत्र्यांचा मोठा ताफा होता. दस्तगीरभाई त्यांची देखभाल करायचे आणि मी जनावरांच्या दवाखान्यातून औषधं घेऊन तिथं जायचो. उंच, जरासा वाकलेला, माणसांत फारसा न बोलणारा गडी. कुत्री मात्र त्यांच्या चपलेच्या आवाजावर उठून उभी राहायची. प्लेगच्या साथीत त्यांची बायको आणि सहा वर्षांची मुलगी एकाच आठवड्यात गेली. साथ ओसरल्यावर त्यांच्या गडमुडशिंगी गावची माणसं साथीपुरत्या माळावर बांधलेल्या झोपड्या मोडून गावात परतली, हे एकटे माळावरच राहिले. मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "गावातल्या घरात कुनासाठी जाऊ?"... त्यानंतर मी तो विषय काढला नाही.

पुढं पुण्याहून विकत आणलेलं एक कुत्रं खोकायला लागलं आणि पंधरा दिवसांत अर्धा ताफा आजारी पडला. नाकाडोळ्यांतून पू, अंगात ताप, पायाचे तळवे लाकडासारखे कडक... काही कुत्री तर नुसती हवा चावत बसायची आणि मग झटके येऊन कोसळायची. डॉक्टरसाहेबांनी बघितलं आणि म्हणाले, "डिस्टेंपर. याला औषध नाही. आजारी तेवढी गोळी घालून पुरा, नाहीतर एकही राहणार नाही." गोळी सरदारांचा शिकारी घालायचा, पण प्रत्येक कुत्र्याचं डोकं शेवटपर्यंत दस्तगीरभाईंच्या मांडीवर असायचं. सगळ्यात शेवटी तीन महिन्यांचं एक मादी पिल्लू उरलं. मी फिनेलचा डबा घेऊन आत शिरलो, तेव्हा ते तिला घोंगडीत गुंडाळत होते. आमची नजरानजर झाली.

"कंपौंडर, हिचं डोळं तेवढं चिकटल्यात. बाकी काय न्हाय बघा."

बाकी काय आहे ते आम्हा दोघांनाही दिसत होतं. मी डबा खाली ठेवला आणि बाहेर जाऊन डॉक्टरसाहेबांना सांगितलं, सगळी पुरली.

पिल्लू माळावर चौथ्या दिवशी मेलं. महिना उलटायच्या आत गडमुडशिंगीतली कुत्री पटापट पडू लागली. झटके येणारी कुत्री पिसाळलीत असं समजून लोकांनी काठ्या घातल्या. बिरूबापूंची राखणीची दोन्ही कुत्री गेली आणि मेंढवाड्याला राखण उरली नाही. लांडग्यानं कोकरं उचलायला सुरुवात केली. खोकडं, म्हणजे माळावरचे छोटे कोल्हे, भर दुपारी माणसाची भीती विसरून बांधावर गोल गोल फिरताना दिसायला लागली. बिरूबापू दवाखान्यात आले आणि त्यांनी मला सरळ विचारलं, "तुमच्या हितनंच आलं काय वो ह्ये?"

मी म्हणालो, "यंदा हवाच वाईट आहे, बापू."

ही गोष्ट दस्तगीरभाईंच्या कानावर गेली असावी. दुसऱ्याच दिवशी ते चावडीवर जाऊन उभे राहिले आणि म्हणाले, "म्या आनलं. आजारी पिल्लू म्या आनलं." कुणाला माहीत होतं का, असं पाटलांनी विचारलं, तर म्हणाले, "न्हाय. कुनालाच न्हाय." त्यांचं काम सुटलं. गावानं हात उगारला नाही, बोलणं मात्र बंद केलं. मी भेटायला गेलो तेव्हा म्हणाले, "मारलं असतं तर बरं झालं असतं, कंपौंडर. मारून मानूस मोकळा हुतो."

त्या दिवशी ते मला ओढ्याकडं घेऊन गेले. करंजाच्या सावलीत एक लांडगी पडली होती. डोळ्यांत पू, मागचा पाय सारखा उडत होता. आम्हाला बघूनही ती उठली नाही. दस्तगीरभाई जवळ गेले नाहीत. लांब बसून राहिले, ऊन कलेपर्यंत, तिचा पाय थांबेपर्यंत... मग म्हणाले, "गावाला सांगितलं म्या. हिला काय सांगू?"

त्यानंतर त्यांनी स्वतःचं कुत्रं कधी पाळलं नाही. दोन-तीन वर्षांनी बिरूबापूंचं नवं कुत्रं आजारी पडलं आणि बापू स्वतः माळावर जाऊन म्हणाले, "चल की, दस्तगीर." मग इतरही बोलावू लागले. मिठाच्या कोमट पाण्यानं डोळे पुसायचे, भाताची पेज बोटानं चाटवायची, एवढंच त्यांचं औषध. काही कुत्री जगायची. गाव पुन्हा बोलू लागलं, पण कुत्र्यापुरतंच. सणावारी त्यांच्याकडं कुणी गेल्याचं मला आठवत नाही. मीही गेलो नाही. प्रत्येक भेटीत वाटायचं, पाटलांकडं जावं आणि खरं सांगावं... पण नोकरी होती, पोरंबाळं होती.

परवा रविवारी बिरूबापूंना घेऊन माळावर गेलो. झोपडीच्या दाराशीच त्यांना म्हणालो, "बापू, तो पिल्लू नेत होता ते मी बघितलं होतं. मी गप्प बसलो."

त्यांनी झोपडीचं दार लोटून आत एक नजर टाकली. मग म्हणाले, "त्यो कधी बोलला न्हाय." आणि पुढं चालू लागले.

झोपडीपासून वीसेक पावलांवर, बाभळीच्या फांदीवर एक सदरा आणि लुंगी लटकत होती. आजारी कुत्र्याकडं जायचे कपडे ते निराळे ठेवायचे आणि घरात कधी आणायचे नाहीत, हे मला बापूंकडून तेव्हा कळलं. मी सदरा काढायला हात पुढं केला, तर बापूंनी अडवलं. "हात लावू नगा. कापडं धुवायची ऱ्हायल्यात. जायच्या आदल्या दिशी खालच्या आळीला एक कुत्रं बघून आलता. न धुता कुनाला शिवू देत न्हवता."

मी ते कपडे ओढ्यावर नेले. साबण नव्हता, राखेनं घासले, तीनदा पिळले आणि परत बाभळीवर वाळत घातले. ते वाळेपर्यंत आम्ही दोघं तिथंच बसून राहिलो. आणि वाळल्यावर घडी घालून कुणाच्या हातात द्यायचे, ते दोघांनाही सुचेना.