युद्ध लागलं की मामा निघायचे

भास्करमामा गेल्याचा फोन आला तेव्हा घरात टीव्हीवर युद्धाच्याच बातम्या चालू होत्या. आईने टीव्ही बंद केला, मामीशी दोन मिनिटं बोलली आणि मला म्हणाली, "साडी बदलते. गाडी काढ." नऊ वर्षं ज्या भावाशी ती बोलली नव्हती, त्याच्याकडे जायला नगरहून निघताना तिला दहा मिनिटंसुद्धा लागली नाहीत. याला आता दीड महिना झाला.

मामांचं राहात्यात विहिरीवरच्या जळालेल्या मोटारींत नवी तार भरून देण्याचं दुकान होतं. हात कसबी, डोकं तापट. उभा ऊस वाळतोय म्हणून शेतकरी घाई करणार आणि मामा त्याला दुकानाबाहेर काढणार, हे ठरलेलं. आमच्या चर्चच्या मंडळीत शेवटच्या काळाची चिन्हं ओळखण्याचा नाद बऱ्याच जणांना आहे. परदेशात लढाई लागली, भूकंप झाला, कोरोना आला, की हे लोक एकमेकांना उपदेशकांचे व्हिडिओ पाठवतात. मामा व्हिडिओ पाठवायचे नाहीत. ते पायात चपला सरकवून कोणाची तरी माफी मागायला निघायचे. प्रभू कधीही येईल आणि आपण नेमके कोणाशी तरी भांडून बसलेले सापडू, एवढीच त्यांना धास्ती. त्यांचं जुनं गिऱ्हाईक असलेले इस्माईलभाई मला एकदा हसत म्हणाले होते, "तुमचे मामा दारात दिसले का आमी आधी इचारतो, आज कुठं काय झालं?"

मी शाळेत इतिहास शिकवते, त्यामुळे चिन्हांचं हे प्रकरण मला कधी पटलं नाही. प्रत्येक पिढीला आपलाच काळ शेवटचा वाटत आला आहे, आपले आजोबाही हेच म्हणत म्हणत गेले, असं मी मामांना ऐकवायचे. एकदा हातातली तांब्याची तार न सोडता ते म्हणाले, "मंग काय चुकलं त्यांचं? त्यांच्यापुरतं संपलंच की जग."  

सगळ्या तालुक्याशी गोडी करणारा हा माणूस सख्ख्या बहिणीपुढे मात्र अडून बसला होता. आजी राहात्यात वारली तेव्हा आई नगरहून निघाली खरी, पण वाटेत कोल्हारजवळ वाहतूक तुंबली. मे महिन्याचं ऊन होतं. मामांनी वाट न बघता पेटी बंद केली आणि दफनविधी उरकून घेतला. आई पोचली तेव्हा ओल्या मातीवर फुलं ठेवलेली होती. त्यानंतर तिने त्यांच्याशी बोलणं टाकलं. मामांचं म्हणणं, यात आपली चूकच नाही तर माफी कशाची मागायची? आईचं म्हणणं, येईल कधीतरी, जग काही एवढ्यात संपत नाही.

यंदा युद्ध पेटलं तेव्हा मामांचा मला फोन आला. ऊन किती, शाळा कधी सुटणार, असं इकडचंतिकडचं झालं आणि मग म्हणाले, "रविवारी येऊ का? ताई... घरीच असंल ना?" हे विचारायला त्यांना किती जड गेलं असेल, ते मला तेव्हाच कळायला हवं होतं. मला चेष्टा सुचली. म्हटलं, "काय मामा, या वेळी नक्की संपतंय वाटतं जग?" ते हसले. म्हणाले, "बघू मंग. येतो सवडीनं." तो रविवार गेला, पुढचाही गेला. त्यानंतरच्या गुरुवारी दुकानात बसल्या जागीच त्यांचं हृदय बंद पडलं. त्या फोनचं मी आईला सांगितलंच नव्हतं.

आई पोचेपर्यंत मामीने पेटी बंद करू दिली नाही. सगळं आटोपल्यावर आईने तिला विचारलं, त्याने माझं नाव तरी काढलं का कधी? मामी म्हणाली, "नाव न्हाई काढलं. पन नऊ वर्सं त्यांनी प्रभुभोजन घेतलं न्हाई. ताट आलं का उठून भाईर जायचे."

आमच्यात प्रभुभोजनाआधी चर्चचे पाळक सांगतात, कोणाशी वैर असेल तर आधी समेट करा, मगच भाकर घ्या. सहसा कोणी जागचं उठत नाही. आईही कधी उठली नव्हती. महिन्याच्या पहिल्या रविवारी भाकर आणि द्राक्षरस ती घेतच आली होती, तिच्या शेजारी बसून मीही. परतताना गाडीत मी तिला मामांच्या फोनचं सांगून टाकलं. मला वाटलं, ती चिडेल. ती एवढंच म्हणाली, "मला सांगायचं होतंस गं."

या महिन्याच्या पहिल्या रविवारी ताट बाकाबाकावरून सरकत आमच्यापर्यंत आलं. आईने ते दोन्ही हातांत धरलं, भाकरीच्या तुकड्यांकडे पाहिलं आणि काही न घेता माझ्याकडे दिलं. मी ते तसंच शेजारच्या बाईंकडे सरकवलं.