अठरावर एक पान

सासूबाईंना कॅसिनोत घेऊन जायची कल्पना माझी नव्हती, माझ्या प्रोफेसरांची होती.

आमचा संशोधनाचा विषयच मुळी ‘जोखीम घेताना माणूस काय विचार करतो’ हा. म्हणून यंदा आमच्या इन्स्टिट्यूटची सहल थेट कॅसिनोत! घरच्यांनाही आणा म्हणाले. माझ्याकडे तेव्हा पुण्याहून आलेल्या सासूबाई होत्या. आणि माझा फेरट्राग, म्हणजे नोकरीचा करार, दोन वर्षं वाढवायचा की मला जर्मनीतल्या आखनमधून गाशा गुंडाळायला लावायचा, हे प्रोफेसर येत्या सोमवारी ठरवणार होते.

तीन दिवस मी सासूबाईंची शिकवणी घेतली.

“अहो आई, या ब्लॅकजॅकमध्ये पानांची बेरीज करत एकवीसच्या जवळ जायचं, पण पुढे गेलात की मेलात. राजा, राणी, गुलाम दहाचे.”

“आणि एक्का?”

“एक किंवा अकरा, जसं सोयीचं पडेल तसं.”

“मज्जा आहे त्याची!”

“पान हवं तर टेबलावर बोटं टेकवायची, नको तर हात हलवायचा. आणि तिथे टेबलाला नमस्कार-बिमस्कार करायचा नाही हं!” (सासूबाई रिक्षात बसतानाही रिक्षाला नमस्कार करतात.)

“अगं मेधा, एवढं कळतं मला.”

कॅसिनोत टेबलाशी पहिल्या सासूबाई, मग प्रोफेसर, शेवटी मी. पानं वाटणाऱ्या बाईंनी स्वतःपुढे छक्की उघडली. त्यांना सतरा होईपर्यंत पानं घ्यावीच लागतात, म्हणजे त्याच एकवीसपुढे जाऊन बुडायची शक्यता जास्त, आणि त्या बुडाल्या की आपण जिंकलो. आपण फक्त गप्प बसायचं!

सासूबाईंचे तेरा होते. त्यांनी डास हाकलावा तसा झोकात हात हलवला.

“गेनाऊ! अगदी बरोबर!” प्रोफेसर खूश. त्यांचे सोळा, आणि पुढ्यात टोकनांचा हा एवढा ढीग. त्यांनीही हात हलवला.

माझे अठरा. नुसता हात हलवायचा होता हो! पण सगळे माझ्याकडे बघताहेत, प्रोफेसर श्वास रोखून बसलेत, म्हणजे माझ्या दृष्टीने ही परीक्षाच. आणि परीक्षेत पेपरला नमस्कार केल्याशिवाय मी जन्मात उत्तर लिहिलेलं नाही. माझा हात आपसूक टेबलाला टेकला आणि कपाळाला लागला.

टप्! माझ्यापुढे राजा. अठ्ठावीस!

“अगं, तू नमस्कार केलास?” सासूबाई किंचाळल्या.

मी मेले ते मेले, पण मग बाईंनी स्वतःसाठी पानं काढली. अठ्ठी, चौदा. सत्ती, एकवीस! टेबलावरचे सगळेच बुडाले.

प्रोफेसर शांतपणे म्हणाले, “तो राजा तुम्ही घेतला नसता तर त्यांचे सहा आणि दहा, सोळा. वर आठ, चोवीस. त्या बुडाल्या असत्या.”

मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं. परतताना बसमध्ये सासूबाई माझा हात धरून बसल्या होत्या, त्यावरून प्रकरण किती गंभीर होतं ते ओळखा.

सोमवारी प्रोफेसरांनी करार पुढे सरकवला. दोन वर्षं! मला रडूच फुटलं.

“आल्झो, तर मग,” ते म्हणाले, “अठरावर पान मागणारा माणूस आमच्या एकाही सिद्धांतात बसत नाही. त्याचा अभ्यास व्हायलाच हवा.”

सासूबाई हल्ली पुण्यात सगळ्यांना अभिमानाने सांगतात, सून जर्मनीत मोठं संशोधन करते. ते कुणावर चाललंय, हे मी त्यांना अजून सांगितलेलं नाही!